पावशेर सोडे

घणसोली गाव,
सोमवार, दि. १७ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. संध्याआत्यास,
नमिताचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. तुझ्या कानाच्या यंत्रातून माझा आवाज पत्र्यावर खडे पडल्यासारखा येतो असं तू लिहिलं होतंस, तेव्हापासून मी फोनचा नाद सोडला आहे. पत्रच बरं. त्यात तुला यंत्र लागत नाही आणि मला ओरडावं लागत नाही.

नोकरीला तीन महिने झाले. न्हावा शेव्याला ज्या कस्टम एजंटकडे मी आहे, तिथे माझं काम कागद तपासायचं. बोटीने आलेल्या मालाचं नाव, वजन, कंटेनरचा नंबर, हे सगळं तीन-चार कागदांवर असतं आणि ते तंतोतंत जुळावं लागतं. एक अक्षर चुकलं तर अख्खा कंटेनर यार्डात उभा राहतो. साहेब परवा सगळ्यांसमोर म्हणाले की नमिताच्या नजरेतून काही निसटत नाही. बढाई म्हणून लिहीत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत तुझ्या ओटीवर बसून मी अक्षरं शिकले, मात्रा विसरले की तू डोक्यावर टिचकी मारायचीस आणि अक्षर बोडकं ठेवू नकोस म्हणायचीस. साहेबांची शाबासकी अर्धी तुझी आहे.

ऑफिसात माझ्या शेजारी शर्मिला बसते. तिचे यजमान बोटीवर असतात. तिकडच्या बंदरांत जे खातात ते घरी आल्यावर तिला करायला लावतात. गेल्या महिन्यात तिने डब्यात एक पदार्थ आणला होता. तांदळाच्या चपट्या नूडल्स, त्यात कोलंबी, अंडं, मुगाचे मोड, पातीचा कांदा, वरून भाजलेल्या शेंगदाण्याचा जाडसर कूट आणि लिंबू. थायलंडमध्ये गाड्यांवर मिळतो म्हणे, नाव पॅड थाय. पहिला घास घेतला आणि मला तुझं कालवण आठवलं. विचारलं, तर खरंच त्यात चिंच आणि गूळ! इतक्या लांबची माणसं, आणि त्यांच्या आणि आपल्या फळीवर तेच डबे. मला फार बरं वाटलं. तेव्हाच ठरवलं की हे आपल्या घरी करायचं. पदवी घेऊन मी या घरात एक कागद आणला, तो भिंतीवर लागला. ताटात अजून काही आणलेलं नाही.

काल करून पाहिलं. शर्मिलाने बजावलं होतं की नूडल्स शिजवायच्या नाहीत, साध्या पाण्यात भिजवायच्या, बाकीचं काम कढई करते. माझा विश्वास बसला नाही. मी त्या दहा मिनिटं उकळल्या आणि त्यांची खळ झाली. आई म्हणाली की यावर तीन लग्नांच्या पत्रिका चिकटवून होतील. तिने नाव विचारलं, मी सांगितलं, तर तिने पॅड थायचं ‘ताई’ करून टाकलं. आता ताई बिघडली, ताई पुन्हा कधी करणार, असं चालू आहे. बाबा तुला ताई म्हणतात, हे बरं दिसत नाही असं मी तिला म्हटलं, तर ती नुसती हसली. बाबा एक घास खाऊन उठले. आता ९ मार्चच्या रविवारी मी पुन्हा करणार आहे, आणि त्या दिवशी बाबांनी ताट पुसून खाल्लं पाहिजे.

बाकी घरी ठीक. आजोबांचं घर पाडून चार मजले बांधायचं चाललं आहे. बिल्डरचा माणूस दर आठवड्याला येऊन ओटीवर चहा पितो आणि बाबांना कागदांची नवी यादी देऊन जातो. दोन्ही बाजूंना टॉवर झाल्यापासून आपल्या अंगणात दुपारी दीड तासच ऊन असतं, आई त्यात पापड वाळवायचे की गोधड्या, यावर रोज विचार करते. बाबा हल्ली गप्प असतात. भाऊबीजेला तुझ्याकडून आले तेव्हापासूनच. विचारलं तर कागदांचं टेन्शन म्हणतात.

आता एक मागणं. सोड पाठव. आईला म्हटलं, तर ती म्हणाली की भाऊबीजेनंतर तिकडे काही मागायला तोंड राहिलं नाही. का, ते सांगेना. बाबा तुझा विषयच काढत नाहीत. म्हणून मीच लिहायचं ठरवलं. तुझ्याशिवाय हे कुणाकडे मागणार? बाबांना आधी कळवू नकोस, हातात आल्यावर त्यांना एकदम दाखवायचं आहे.

कंपनीची बस आली, हॉर्न वाजतो आहे. काकांना नमस्कार. माझ्यावरचा लोभ वाळवणासारखा नीट झाकून ठेव, कावळ्यांना देऊ नकोस.

तुझी,
नमिता


रेवस,
शनिवार, दि. २२ फेब्रुवारी २०२५

चि. नमितास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. नूडल्सची खळ वाचून मी एकटीच हसत होते, म्हणून तुझ्या काकांनी काय झालं विचारलं. त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटचा भाग दाखवला नाही.

तू मागितलंस ते सोबत पाठवते आहे. मला वाटलं होतं मागणी वामनकडून येईल. भाऊबीजेला तो आला, ओवाळून घेतलं, चहा घेतला, आणि मांडीवरची पिशवी तासभर इकडून तिकडे फिरवली. मग बस चुकेल म्हणून उठला. पिशवीत काय होतं ते मी विचारलं नाही, पण मला कळलं. आमच्या आळीत दोघी-तिघींचे भाऊ तशीच पिशवी घेऊन आले होते. घर बांधायला निघालं की बहिणीची सही लागते, एवढं मलाही समजतं. म्हणून दिवाळीनंतर मी अलिबागला वकिलाकडे जाऊन हक्कसोडीचा कागद, आमच्याकडे नुसतं सोड म्हणतात, तो करून ठेवला. आपल्या वडिलांच्या घरातला माझा हिस्सा मी वामनच्या नावे सोडते आहे, बदल्यात काही नको, तक्रार नाही. सही तेवढी राहिली होती. म्हटलं, तो तोंडाने मागेल तेव्हा करू. काल साक्षीदार बोलावून केली. नोंदणीच्या वेळी मला स्वतःला यावं लागेल असं वकील म्हणाले. तारीख कळवा, येईन.

सोड पाठव, असं तू दोनच शब्दांत लिहिलंस, आणि पुढे तुझ्याशिवाय कुणाकडे मागणार असंही. खरं आहे. दुसऱ्या कुणाची सही चालणार नाही. तुझं अक्षर किती वळणदार झालं आहे ते मी पुन्हा पुन्हा पाहिलं. घरात पहिली शिकलेली मुलगी असली की घरचे कागद तिनेच लिहायचे असतात. माझा राग नाही. ज्या पोरीला मी गिरवायला शिकवलं तिच्या हातून हे येईल असं वाटलं नव्हतं, एवढंच. लिहायला नको होतं, पण शाईने लिहिलं, आता खोडत नाही.

घर पाडतील तेव्हा मागच्या खोलीत खिडकीवरच्या फळीवर माझी शाळेची पाटी आहे, ती बाजूला काढून ठेव. एक कोपरा फुटला आहे, तो तुझ्या बापाने फोडला. बाकी त्या घरातलं मला काही नको.

नूडल्स त्या शर्मिलाने सांगितल्या तशा भिजव. शिकलेल्या मुलींनी दुसऱ्याचंही ऐकावं कधी कधी. तुझ्यावरचा लोभ मी कुठल्या कागदावर लिहून दिलेला नाही, त्यामुळे तो सोडताही येत नाही.

तुझी,
आत्या


घणसोली गाव,
गुरुवार, दि. २७ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. आत्यास,
सा. न. वि. वि. हा नमस्कार वाकून नाही, कान धरून आहे.

आत्या, मी सोड मागितली नव्हती. मी सोडे मागितले होते. कोलंबीचे सोडे! तू गच्चीवर साडी अंथरून वाळवतेस आणि काठी घेऊन कावळे हाकतेस, ते. शर्मिलाने सांगितलं होतं की या नूडल्सना खरी चव सुक्या कोलंबीने येते, आणि बाजारातल्या सोड्यांत वाळू कचकचते. ते लिहायचं राहिलं, थेट मागणंच लिहिलं. बसचा हॉर्न वाजला आणि ‘ड’वरची मात्रा राहिली. साहेबांच्या शाबासकीचं कौतुक त्याच पत्रात, आणि त्याच पत्रात अक्षर बोडकं. तू समोर असतीस तर टिचकी मारली असतीस. मी डोकं पुढे केलं असतं.

घराच्या कागदाला तुझी सही लागते हे मला माहीत नव्हतं. कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. जगाचे कागद तपासते, आपल्या घराचे पाहिले नाहीत.

आता जे झालं ते क्रमाने लिहिते. पाकीट मंगळवारी आलं. रजिस्टर्ड होतं म्हणून बाबांनी सही करून घेतलं आणि नोटीस असेल या भीतीने फोडलं. मी घरी आले तेव्हा कागद त्यांच्या हातात होता आणि तुझं पत्र आईच्या. बाबांचा चेहरा असा हलका झालेला मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. ते म्हणाले की जे त्यांना भाऊबीजेला जमलं नाही ते पोरीने दोन शब्दांत केलं, पोरगी शिकली ते घराच्या कामाला आलं. माझ्या पाठीवर हात ठेवला. पदवीच्या दिवशीसुद्धा ठेवला नव्हता, तेव्हा त्यांना काय बोलावं ते सुचलं नव्हतं.

आणि आत्या, मी गप्प राहिले. पूर्ण एक दिवस. तो हात खोट्या गोष्टीसाठी आहे हे कळूनही मी तो पाठीवर राहू दिला. हे तुला सांगितल्याशिवाय बाकीचं लिहिता येत नव्हतं.

काल महाशिवरात्रीची सुट्टी होती. उपासाची रताळी सोलता सोलता सगळं सांगितलं. सोडे काय, सोड काय, मात्रा काय. आई आधी हसली, मग तिला कळलं आणि ती थांबली. मी बाबांना म्हटलं की हा कागद चुकीने आला आहे, तो परत गेला पाहिजे. शिवाय मुलीचा हक्क मुलाएवढाच असतो, हे मी कॉलेजात शिकले आहे, आणि ते आपल्या घरात नाही पाळलं तर मी शिकले कशाला? बाबा म्हणाले की चुकून का होईना, सही तर ताईने आपल्या हाताने केली आहे. ताईचं तिकडे सगळं नीट आहे. बिल्डर म्हणतो एक नाव असलं की काम महिन्यात होतं, दोन असली की वर्ष जातं. आणि कागद कपाटात ठेवून किल्ली खिशात घातली. आईने कालपासून त्यांना पाणी दिलं नाही, स्वतः माठातून घेतात.

तू बाबांना दोन ओळी लिही. कागद परत हवा असं तू म्हटलंस तर ते नाही म्हणू शकणार नाहीत. नोंदणी झालेली नाही, तोवर सगळं तुझ्या हातात आहे. लवकर लिही. मला तुझा लोभ हवा असं लिहिण्याचा धीर आज होत नाही, तू समजून घे.

तुझी (मात्रा, वेलांटी तपासून),
नमिता


रेवस,
सोमवार, दि. ३ मार्च २०२५

चि. नमितास,
आशीर्वाद, आणि डोक्यावर एक टिचकी. हिशेब मिटला.

तुझं आधीचं पत्र काढून पुन्हा पाहिलं. मात्रा नाहीच. पण तूही काय मुलगी आहेस! पावशेर असा एक शब्द लिहिला असतास तर एवढं झालं नसतं. हक्क काय कोणी पावशेर मागत नाही. काकांना आता शेवटचा भागही वाचून दाखवला. ते इतके हसले की खोकला लागला. मग म्हणाले, त्या वकिलाला आता काय सांगायचं, की कोलंबीची दस्तनोंदणी होती?

आता नीट ऐक. कागद परत दे असं मी वामनला लिहिणार नाही. तो माझ्या सहीचा आहे, मी शुद्धीवर राहून केली. घर, खोली, मजला, हे मला नको आहे असं नाही. नको म्हणायला मी काही संत नाही. पण मागून परत घेतलेलं माहेर मला नको. त्याच्या मनाने आलं तर येईल. नाही आलं तरी मी तुमच्याकडे येत राहीन, फक्त कुठल्या दाराने आत यायचं ते मला तेव्हा नव्याने शिकावं लागेल.

तू त्याच्याशी भांडू नकोस, आणि तुझ्या आईला सांग, त्याला पाणी दे. पिशवीत कागद असून तो तासभर गप्प बसला आणि तसाच परत गेला. इथल्या एकीच्या भावाने ताटावर बसल्या बसल्या पेन पुढे केलं होतं. माझा भाऊ तसा नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मला वाईट वाटलं होतं ते तू मागितलंस म्हणून. ते आता मिटलं. तू एक दिवस गप्प राहिलीस ते मी वाचलं. बापाचा हात पाठीवरून काढवत नाही, त्यात एवढं काही नाही. दुसऱ्या दिवशी काढलास ना?

सोबत डब्यात सोडे आहेत. पावशेर तुझ्या त्या ताईसाठी. ओली कोलंबी मी स्वतः सोलते, पाठीतला दोरा काढते, मिठाचा हात लावून चार-पाच कडक उन्हं देते. वाळू निघणार नाही, तरी एकदा झटकून घे. तव्यावर तेल न घालता मंद भाज, रंग गुलाबी झाला आणि शेजारणीने खिडकीतून डोकावलं की झाले समज. मग खलात भरड कूट. पीठ करू नकोस.

वेगळ्या कागदात पुडी आहे, ती वामनची. शिजवू नकोस, तशीच त्याच्या हातात दे. लहानपणी आई खाडीच्या कोलंबीचे सोडे अंगणात घालायची आणि राखणीला मला बसवायची. हा खेळता खेळता यायचा, मूठ भरून न्यायचा. संध्याकाळी आई मला विचारायची की एवढेच कसे राहिले. मी कावळ्यांचं नाव सांगायचे. एकदा तिने मला त्यावरून मारलं, तेव्हा हा दाराआड उभा होता, तोंडात सोडे होते म्हणून रडताही येईना. दुसऱ्या दिवशी मी त्याला वेगळी पुडी करून द्यायला लागले. त्याला आठवत असेल किंवा नसेल.

पत्र वेळेवर पोहोचो. ताई चांगली होवो. तुझा लोभ मागायला तुला धीर झाला नाही, तर मीच मागते, राहू दे माझ्यावर.

तुझी,
आत्या


घणसोली गाव,
सोमवार, दि. १० मार्च २०२५

ती. सौ. आत्यास,
सा. न. वि. वि. आज कान सोडून, दोन्ही हात जोडून.

डबा शुक्रवारी मिळाला. डबा उघडला आणि शेजारच्या सुचित्राकाकू खरंच खिडकीत आल्या, अजून भाजायचे होते तरी. पुडी मी बाबांना तेव्हाच दिली. त्यांनी विचारलं काय आहे. मी म्हटलं, कावळ्यांची वाटणी, आत्याने पाठवली आहे. त्यांनी पुडी उघडली नाही. खिशात ठेवली, त्याच खिशात कपाटाची किल्ली असते.

काल सकाळी साडेदहाला मी नूडल्स पाण्यात घातल्या. साध्या पाण्यात, पाऊण तास. घड्याळ समोर ठेवलं आणि त्यांना हात लावला नाही, माझ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. आई चिंच कोळत होती. तिला हे सगळं पोरखेळ वाटतं, पण चिंच माझ्या हातात देईना, चोथा राहतो म्हणाली. चिंचेच्या कोळात गूळ आणि लाल तिखट घालून आटवलं. तिकडे माशाचं खारं पाणी घालतात, ते आपल्याकडे नव्हतं, म्हणून मूठभर सोडे कोमट पाण्यात भिजवून ते पाणी मिठाबरोबर घातलं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच केलं. बाकीचे सोडे तू लिहिलंस तसे भाजले आणि खलात घेतले.

आत्या, खलाचा आवाज आणि तो वास एकदम घरभर गेला. बाबा आतल्या खोलीत बिल्डरचे कागद घेऊन बसले होते. ते उठले नाहीत, पण कागद चाळण्याचा आवाज थांबला.

शर्मिला म्हणाली होती की एका वेळी दोघांपुरतंच करायचं, कढई गच्च भरली की पुन्हा खळ होते. आईने लोखंडी कढई काढली, पाण्याचा थेंब टाकून पाहिला, आणि तो नाचला तेव्हाच मला पुढे येऊ दिलं. लसूण, मग कोलंबी, ती लाल झाली की बाजूला. नूडल्स, वर चिंचेचं पाणी, एका कडेला अंडं फोडून ढवळलं, शेवटी मोड, पात, सोड्यांचा कूट. चार मिनिटांत झालं. नूडल्स सुट्ट्या झाल्या, एक न् एक. मी खूश होऊन त्या झाऱ्याने उचलून उचलून पाहत राहिले. तेव्हा आईनेच मोठ्याने हाक दिली, की ताई आली, या लवकर, गरम आहे तोवर.

बाबा आतून आले. शर्टाची बटणं लावत आले. आमच्याकडे न बघता सरळ दारात गेले. ओटीवरून खाली उतरले, गल्लीत दोन्ही बाजूंना पाहिलं. तिथे कुणी नव्हतं, सुचित्राकाकूंचा पाण्याचा पाईप तेवढा होता. ते वळले तेव्हा आईच्या हातात कढई होती आणि माझ्या हातात झारा. पदार्थाचं नाव त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं. आई काही समजावायला गेली नाही. तिने मुद्दाम हाक दिली का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. विचारलं तरी ती सांगणार नाही.

ते तसेच दारात उभे राहिले. मग खिशातली पुडी काढली, उघडली, आणि एक सोडा तोंडात टाकला. मग दुसरा. मग ओटीच्या पायरीवर बसले आणि सगळी पुडी संपवली, आम्ही मागे उभ्या आहोत हे माहीत असून. आत येऊन ताटावर बसले. नूडल्स आधी बोटांनी उचलून पाहिल्या, खाल्ल्या, पुन्हा घेतल्या. ताट पुसलं, आत्या. कढई पण पुसली. आईने त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

जेवण झाल्यावर त्यांनी कपाट उघडलं, तुझा कागद काढला, आणि माझ्याकडे पेन आणि वहीचं पान मागितलं. दुपारभर ओटीवर बसून लिहीत होते, ऊन होतं तोवर आणि ते गेल्यावरही. बिल्डरचा माणूस आला, त्याला उभ्या उभ्याच काहीतरी सांगितलं, चहा दिला नाही. मला वाचायला दिलं नाही. फक्त शेवटी आत आले, बाकीचं पान हाताने झाकलं, एक शब्द दाखवला आणि तो बरोबर आहे का विचारलं. मी तपासला. बरोबर होता. तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि या वेळी मी तो निर्धास्तपणे राहू दिला.

पाकीट त्यांनीच चिकटवलं आहे, या पत्राबरोबर पाठवते. तुझी पाटी मी फळीवरून काढून पुसून ठेवली. फुटका कोपरा पण सापडला, मागेच पडला होता. लोभ मागत नाही आता, तो डब्यात भरून आला तो पुरून उरला आहे.

तुझी,
नमिता


घनसोली
ता. ९ मार्च

ताईस,
वामनचा नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाय. चौथीनंतर सही सोडून काय लिहिलं नाय. चुकलं तर हसू नको.

तुझा कागद सोबत परत पाठवतो. फाडनार होतो, पन सही तुझी हाय, तूच काय ते कर. भाऊबीजेला पिशवीत असाच कागद होता. तू ओवाळलंस आनि मला लाज वाटली. घरी येऊन तो चुलीत घातला. मग तुझा आला तेव्हा मला बरं वाटलं. बरं वाटलं याची पन आता लाज वाटते.

बिल्डरला सांगितलं, दोन नावं राहतील, वामन आनि संध्या. तो बोलला उशीर लागेल. मी बोललो लागू दे. मागच्या खोलीच्या वर जी जागा येईल ती तुझी. दार तुला पाहिजे तिकडे काढू.

आईने तुला मारलं तेव्हा मी दाराआड होतो. ते मला आठवतं. रोज नाय, पन आठवतं. मी तेव्हा पुढे आलो नाय.

आज बायकोने हाक मारली ताई आली. मी धावत दारात गेलो, तर ती नूडल निघाली. चांगली होती. पन तू नव्हतीस. आता खरी ये. गुढीपाडव्याला ये, चार दिवस राहा.

पुडी संपली. येताना सोडे आन. पावशेर नको, अर्धा किलो आन.

तुझा भाऊ,
वामन

ता. क. सोडेवर मात्रा दिली हाय. नमिताकडून तपासून घेतली.